एकाचा नकार

माझ्या भावाने चार घरं बुडवली असं आमच्या गल्लीत म्हणतात. म्हणोत बापडे. उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याला काय खर्च येतो? पण ज्यांनी त्याला बघितलेलं नाही त्यांना आधी सांगते, हा माणूस कोण ते. बुडवण्याकडे मग येऊ.

तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. आमच्या घरातलं शेंडेफळ. शेंडेफळं लाडावतात म्हणे. हा मात्र कुणी जवळ घेतलं की निसटून टेबलाखाली शिरायचा आणि काहीतरी उघडून बसायचा. नऊ वर्षांचा असताना त्याने वडिलांचं मनगटी घड्याळ उघडलं. वडिलांनी दोन ठेवून दिल्या. संध्याकाळी तेच घड्याळ, जे वर्षभर मागे पडत होतं, ते बरोबर चालायला लागलं, तेव्हा वडील शेजारच्या चार घरांत जाऊन दाखवून आले. पोराला मात्र शाबासकी दिली नाही. आमच्याकडे तशी पद्धतच नव्हती.

मोठेपणी त्याने दुरुस्तीचं दुकान काढलं. आधी रेडिओ, मग टेप, मग टीव्ही, मग मोबाइल. टेबलावरचं सामान बदलत गेलं, टेबल तेच. दहा फूट बाय आठ फुटांची जागा, मागे एक खोली, तेच त्याचं घर. एकतीस वर्षं. जागा भाड्याची. लग्न केलं नाही. मी तीन मुली दाखवल्या. तिसरीच्या घरी आम्ही जाऊन बसलो तर यांचा पंखा खडखडतोय म्हणून हा पठ्ठ्या स्टूल मागून वर चढला. मुलगी हातात पाण्याचे ग्लास घेऊन खाली उभी. मी त्या दिवशी कानाला खडा लावला.

गल्लीत त्याला 'खरखर' म्हणतात. नाव इस्त्रीवाल्याने ठेवलेलं. कुणाचा रेडिओ दुरुस्तीला आला की हा आधी काटा कुठल्यातरी दोन स्टेशनांच्या मधे आणायचा आणि नुसती खरखर ऐकत बसायचा, डोळे मिटून. "गाणं कुणीही ऐकतं, ताई," म्हणायचा, "बिघाड खरखरीत कळतो." आणि कळायचाही. मी स्वतः बघितलंय. पण एक सांगते, बहीण असले तरी सांगते: जे स्क्रू काढून उघडत नाही, ते या माणसाला कळत नाही. माणसं कळत नाहीत, कागद कळत नाहीत, बँकेतला साहेब गोड बोलून नाही म्हणतोय हेही कळत नाही. घरी येऊन सांगणार, "चांगला होता गं, खुर्ची दिली."

बँकेत जायची वेळ आली ती जागेमुळे. दुकानाचे जुने मालक वारले आणि सगळं त्यांच्या मुलीकडे आलं. ही मालकीणबाई वाईट नव्हती हो. आली, टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मला ही जागा विकायची आहे. तुम्ही इतकी वर्षं इथे आहात, पहिला हक्क तुमचा. पण वर्षअखेरीपर्यंतच थांबेन." भावाकडे अर्धी रक्कम होती, आयुष्यभराची. उरलेल्या अर्ध्यासाठी बँकेत गेला, तर अठ्ठावन्न वर्षांचा, सडाफटिंग, पगाराचा कागद नाही, त्याला कोण उभं करतं? म्हणजे वर्षाच्या शेवटी दुकान जाणार, आणि दुकानामागची खोलीही. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याच्या हातून कुणाच्यातरी मोबाइलची काच तडकली.

आणि तेवढ्यात चष्मेवाला आला तो शेअर घेऊन.

चष्मेवाल्याचं दुकान समोरच. दिवसभर गिऱ्हाईक नसलं की तो पेपर वाचतो, आणि पेपरात वाचलेलं सगळ्यांना सांगतो. एका कंपनीने म्हणे वायरीशिवाय वीज पाठवायचं यंत्र काढलंय. भिंतीला एक पाटी लावायची की खोलीतले मोबाइल, घड्याळं, कानातली यंत्रं आपोआप चार्ज होणार. कंपनी लहान, शेअर स्वस्त. "खरखर, तू सांग," तो म्हणाला, "असं होतं का, की आम्हाला बनवतायत?"

दुसरा कुणी असता तर हो किंवा नाही म्हणून मोकळा झाला असता. आमच्या या महाराजांनी स्वतःच्या पैशाने त्या कंपनीचं नमुन्याचं यंत्र मागवलं. अकरा दिवसांनी खोकं आलं. मी त्या दिवशी त्याला डबा द्यायला गेले होते म्हणून सगळं समोर बघितलं. ताटाएवढी एक पांढरी पाटी, आणि बटणाएवढा एक तुकडा. त्याने तुकड्याला एक चिमुकला दिवा जोडला आणि पाटीपासून लांब धरला. दिवा लागला. मधे हात घातला, वही घातली, चष्मेवाल्याची टोपी घातली. दिवा लागलेलाच. तीन वितींच्या पुढे नेला की विझायचा, आत आणला की लागायचा.

आम्ही पाच जण होतो तिथे. पाचही जण लहान पोरांसारखे तोंड उघडून बघत होतो. इस्त्रीवाला म्हणाला, "माझी इस्त्री चालेल यावर? त्या वायरीने दोन पँटी जाळल्यात माझ्या." भाऊ म्हणाला, "इस्त्री नाही रे बाबा, तुझ्या इस्त्रीला पाटी नाही, भिंत लागेल." नर्सबाई ड्यूटीवरून येताना थांबली होती. ती म्हणाली, "आमच्या वॉर्डात माणसापेक्षा वायरी जास्त. रोज एकतरी पायात येते." ज्याला त्याला आपापली वायर आठवत होती.

मग भावाने ते उघडलं. डोळ्याला भिंग लावून दीड तास. मी दोनदा म्हटलं, "अरे, जेव आधी." ऐकेल तर शपथ. शेवटी भिंग काढून तो म्हणाला, "जोडांवरचे कथलाचे टाके बघा. एकही घाईत मारलेला नाही. जिथे कुणी बघणार नाही तिथेही साफ केलंय. काम प्रामाणिक आहे."

बस्स. आमच्या गल्लीत एवढं पुरे होतं. या माणसाने एकतीस वर्षांत बिघडलेल्याला चांगलं आणि चांगल्याला बिघडलेलं म्हटलं नव्हतं. आठवडाभरात भाऊ धरून चौघांनी शेअर घेतले. भावाने आपली अर्धी रक्कम, म्हणजे होतं नव्हतं ते, त्यात घातलं. यंत्र तपासलं त्याने, अगदी शेवटच्या टाक्यापर्यंत. कंपनी कशी तपासायची हे त्याला कुठून माहीत असणार? तिला स्क्रू नव्हते. आणि यंत्राने दगा दिलाच नाही, हेच तर दुखणं आहे. आजही ती पाटी लावा, दिवा लागतो.

मी घेतले नाहीत. मी चेष्टा केली. "हवेतून वीज येतेय, तर आता हवेतून पैसेही येतील, खिडक्या उघड्या ठेवा," असं म्हणत फिरले. पण शेअर चढायला लागला. रोज दुपारी चौघं भावाच्या टेबलाशी जमायचे, नर्सबाईच्या मोबाइलवर भाव बघायचे, आणि त्यांच्या त्या हसण्यात मी नसायचे. तीन महिन्यांनी कुठल्याशा मोठ्या मोबाइल कंपनीशी बोलणी चालू असल्याची बातमी आली. मग माझ्याने राहवेना. आमचे हे गेल्यावर जे काही मिळालं होतं त्यातलं बरंचसं मी काढलं आणि घेतले. त्यांनी घेतले तेव्हापेक्षा खूप महाग घेतले. इस्त्रीवाला म्हणाला, "या या ताई, खिडक्या उघड्याच आहेत." हसले सगळे. मीही हसले, पण मला ते लागलं.

आता विकायचं कधी, यावरून रोज वाद. चष्मेवाला म्हणे आज, नर्सबाई म्हणे उद्या. चौघांची चार तोंडं. तेव्हा एक नियम मी काढला. हो, मीच.

मी सव्वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमधे ऑपरेटर होते. आमच्या ओळीत नऊ जणी. पाळी संपली तरी एकटीने उठायचं नाही, अशी आमची आपापसातली रीत. प्रत्येकीला विचारायचं, "उठू का?" कुणी एक जरी 'थांब' म्हणाली तरी सगळ्यांनी थांबायचं, कारण तिच्या हातात एखादा लांबचा कॉल अडकलेला असायचा, आणि बाजूच्या उठल्या की एकटीला तो सांभाळता यायचा नाही. कोण थांब म्हणाली, का म्हणाली, हे विचारायचं नाही. सव्वीस वर्षं ही रीत चालली, कधी भांडण झालं नाही. मी म्हटलं, तसंच करू. मी प्रत्येकाला फोन करून विचारेन. सगळे हो म्हणाले तर एकदम विकायचं. एकाचा नकार आला तरी थांबायचं, आणि नाव विचारायचं नाही.

सगळ्यांना पटलं. भावाला तर फारच. "बरोबर आहे," तो म्हणाला, "माझ्या शब्दावर घेतलेत यांनी. सगळ्यांची यंत्रं टेबलावर असताना मी माझं एकट्याचं उचलून पळणार कसा?" चष्मेवाला म्हणाला, "आणि बाईंचा आवाज फोनवर आला की सरकारी वाटतं." मला इतकं बरं वाटलं त्या दिवशी. एक्स्चेंज बंद झाल्यापासून मला कुणी कशासाठी विचारलं नव्हतं.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. भाव चढत होता. नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी भाऊ माझ्या दारात उभा. दुकान बंद ठेवून आलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला. मला वाटलं कुणी गेलं की काय.

"ताई, झाले," तो म्हणाला.

"काय झाले?"

"जागेपुरते झाले. मालकीणबाईंना भेटून आलो. सोमवारी कागद करू म्हणाल्या." तो बसलाच नाही. मधल्या खोलीत इकडून तिकडे जात होता. "विचार ना सगळ्यांना. उठू का म्हणून."

इतका आनंदात मी त्याला कधी पाहिला नव्हता. म्हणाला, जागा आपली झाली की टेबलाच्या वर भिंतीत एक मोठी खिडकी पाडणार, मालक इतकी वर्षं पाडू देत नव्हते, आणि डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. मी म्हटलं, तू दुकानात जा, तासाभरात कळवते.

पहिला फोन चष्मेवाल्याला. "विका बाई, विका. अति तिथे माती." दुसरा नर्सबाईला. ती वॉर्डातून कुजबुजली, "हो, हो, हो," आणि ठेवला. तिसरा इस्त्रीवाल्याकडे. फोन त्याच्या बायकोनेच ओढून घेतला, "ताई, आमचं हो लिहा. दोनदा लिहा."

मग राहिले मी.

मी फोन हातात घेऊन बसले. हिशोब तोंडी होता. भावाचे दुपटीहून जास्त, चष्मेवाल्याचे तितकेच, बाकी दोघांचे तितकेच. माझे सव्वापट. ज्यांना मी हसले ते सगळे दुप्पट घेऊन उठणार, आणि मी सव्वापट घेऊन, "खिडक्या उघड्या" ऐकत. अजून पंधरा दिवस, मला वाटलं. बोलणी पक्की झाली की माझेही दुप्पट होतील, भावाचे तर तिप्पट. त्याचं भलंच होईल की. मालकीणबाई वर्षअखेरीपर्यंत थांबणारच आहे. असं मी स्वतःला सांगितलं. दुसरं कारण मला माहीत नाही. मोठं काही असतं तर मी ते सांगितलं असतं.

मी भावाला फोन लावला.

"एकाचा नकार आहे," मी म्हटलं.

पलीकडे त्याच्या मागे रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या.

"बरं," तो म्हणाला. "मग थांबू."

त्याने नाव विचारलं नाही. नियमच होता तसा.

सोमवारी तो मालकीणबाईंकडे जाऊन पुढची तारीख मागून आला. त्याच्या पुढच्या मंगळवारी त्या मोठ्या कंपनीने जाहीर केलं की बोलणी फिसकटली. तिने दुसऱ्याच कुणाचं यंत्र घेतलं. त्याचं कारण यंत्र नव्हतंच, दुसरा पैसेवाला होता. दुकानं उघडायच्या आत भाव अर्ध्यावर. मी सगळ्यांना फोन केले, सगळे किंचाळले, "विका!" पण विकणार कुणाला? विकायला रांग आणि घ्यायला काळं कुत्रं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी खाली. दोन-तीन दिवस तर भाव हललाच नाही, कारण व्यवहारच होत नव्हता. मग कंपनीने पगार द्यायला नवे शेअर काढले, जुन्यांची किंमत आणखी मातीत गेली, आणि डिसेंबरच्या मध्याला बाजाराने तो शेअरच बंद केला. कंपनीचं पत्र आलं सगळ्यांना. आमचं तंत्रज्ञान उत्तम आहे, असं लिहिलं होतं त्यात. भावाने ते वाचलं आणि म्हणाला, "खोटं नाही ते."

तेलही गेलं, तूपही गेलं. जागेसाठी साठवलेली अर्धी रक्कमही गेली ना त्यातच. मालकीणबाईने एक महिना जास्त दिला आणि मग जागा एका बँकेला विकली. तिथे आता पैसे काढायचं मशीन बसवलंय.

दुकान रिकामं करायच्या दिवशी दुपारी सगळे आले. मदतीला आले असं म्हणाले. मी खाली बसून स्क्रू आकाराप्रमाणे डब्यांत भरत होते. भाऊ स्टुलावर चढून वरच्या फळीवरचं काढत होता. थोडा वेळ बरं चाललं. मग नर्सबाई म्हणाली, "त्या गुरुवारी विकलं असतं तर."

चष्मेवाला म्हणाला, "मी हो म्हटलं होतं."

"मीही हो म्हटलं होतं."

"आम्ही दोनदा म्हटलं होतं," इस्त्रीवाला म्हणाला. "मग नकार कोणाचा?"

झालं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण खऱ्या चोराकडे कुणी बघतच नव्हतं. नर्सबाई इस्त्रीवाल्याला म्हणाली की तुझ्या बायकोला पहिल्यापासून हाव. इस्त्रीवाला चष्मेवाल्याच्या अंगावर गेला, की पेपर वाचून शहाणपण तूच शिकवत होतास. चष्मेवाल्याने नर्सबाईच्या नोकरीवरून काहीतरी घाणेरडं काढलं, ती रडायला लागली. पंधरा वर्षांचा शेजार, एका मिनिटात मोडला. विचारायचं होतं मला, फोन मी केले होते. कुणी विचारलं नाही. बाई फक्त निरोप सांगतात, असं धरून चालले होते. आणि मी? मी स्क्रू भरत होते. हात थांबला नाही माझा. तोंड उघडलं नाही.

"माझा होता," भाऊ वरून म्हणाला.

सगळ्यांनी वर बघितलं.

"तुझा?" चष्मेवाला म्हणाला. "अरे, तुला तर जागा घ्यायची होती."

"लोभ सुटला," तो म्हणाला. "वाटलं, अजून थोडं चढेल."

तो खाली उतरला. माझ्याकडे एकदाच बघितलं आणि म्हणाला, "ताई, तो डबा इकडे दे." मी दिला. इस्त्रीवाला त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. मला वाटलं मारतोय. त्याने मारलं नाही. "तुझ्या शब्दावर घेतले होते रे आम्ही," एवढंच म्हणाला, आणि तिघेही सामान तसंच टाकून निघून गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी दिली जाते, आणि संन्यासी मान स्वतःच पुढे करतो.

आता तो माझ्याकडे राहतो, पुढच्या खोलीत. टेबल विकलं, कारण दारातून आत येत नव्हतं. एका मोठ्या मोबाइलच्या दुकानात त्याला काम लागलं. तिथे मोबाइलवर काचा चिकटवतो. बिघडलेला आला तर उघडायचा नाही, असा नियम आहे; भाग बदलायचा किंवा नवा विकायचा. पहिल्या आठवड्यात त्याने एक उघडला आणि गिऱ्हाईकाला फुकट दुरुस्त करून दिला, तर मॅनेजरने सगळ्यांसमोर झाडलं. मॅनेजरचं वय त्याच्या निम्मं. आता उघडत नाही. माझ्या दाराची घंटा दोन महिने वाजत नव्हती. मी मुद्दाम सांगितलं, बघ की जरा. "नवी आण, ताई," म्हणाला. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. गल्लीतलं कुणी त्याच्याकडे काही दुरुस्तीला आणत नाही. रस्त्यात भेटले तर चष्मेवाला पेपर डोळ्यांसमोर धरतो. खरखर अशी हाक मारणारंही कुणी उरलं नाही.

एका रविवारी जेवताना मी म्हटलं, "मी सांगून टाकते सगळ्यांना."

"काय?"

"नकार माझा होता."

"माहीत आहे मला," तो म्हणाला आणि जेवत राहिला.

मी हातातला घास ताटात ठेवला. "कधीपासून?"

"त्याच दिवशी. दुसऱ्याचा निरोप सांगताना तू थांबत नाहीस, ताई. सरळ सांगतेस. त्या दिवशी आधी श्वास घेतलास." तो पाणी प्यायला. "तू फोन ठेवल्यावर वाटलं, पुन्हा लावावा, म्हणावं, ताई, उठू दे मला. पण म्हटलं, तिलाही काही हवं असेल. कधी काही मागत नाही."

"मग तू शिव्या का देत नाहीस मला? काहीतरी बोल! मी तुझं घर घालवलं रे!" मी ओरडले. खरंच ओरडले, खिडकी उघडी होती.

"बोलून काय," तो म्हणाला. "एका घरात दोन बदनाम माणसं कशाला? एक पुरे." आणि ताट उचलून धुवायला गेला.

ते मला सोसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर गेल्यावर मी उठले आणि तडक इस्त्रीवाल्याकडे गेले. नर्सबाई तिथेच होती, युनिफॉर्म घ्यायला आलेली. मी म्हटलं, चष्मेवाल्यालाही बोलवा. तो आला. त्याची बायको आतून बाहेर आली, म्हणजे इस्त्रीवाल्याची. मी उभ्यानेच सांगितलं, पाठ केल्यासारखं. "तुम्ही सगळे हो म्हणालात. माझा भाऊही हो म्हणाला. तो तर 'सगळ्यांना विचार' असं सांगायला आला होता. नकार माझा होता. माझे सव्वापट झाले होते म्हणून मी थांबवलं. त्याने माझ्यासाठी स्वतःवर घेतलं. जे काही बोलायचं ते मला बोला."

इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली. मग नर्सबाईने माझा हात धरला. "ताई," ती म्हणाली, "किती कराल भावासाठी?"

"अगं, करत नाहीये! खरं सांगतेय!"

"तुम्ही तर आमच्यापेक्षा महाग घेतले होते," चष्मेवाला म्हणाला. "सगळ्यांत जास्त तुमचंच बुडालं. तुम्ही कशाला थांबवाल?"

"म्हणूनच तर थांबवलं!"

"असू दे, ताई," इस्त्रीवाला म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज चढला. "त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय आमच्यासमोर. आता बहिणीला पुढे करतो? स्वतः यायला पाय मोडले? एवढा पडला असेल असं वाटलं नव्हतं मला."

मी आईवडिलांची शपथ घेतली. मी त्यांना वेडे म्हटलं, गाढव म्हटलं. त्याने पाठवलेलं नाही, त्याला माहीतही नाही, असं दहा वेळा सांगितलं. जितकी चिडले तितकी त्यांना माझी दया येत गेली. इस्त्रीवाल्याची बायको मला पाठीवरून हात फिरवत बाकीच्यांना म्हणाली, "बहीण असावी तर अशी. नाहीतर तो."

त्यानंतर मी आणखी दोनदा जाऊन सांगून आले. दोन्ही वेळा तेच. उलट भावाचं नाव आता आणखी खाली गेलंय, कारण तो पुन्हा पुन्हा म्हाताऱ्या बहिणीला पाठवतो असं ठरलंय. मला मात्र सगळे वाट देतात. चष्मेवाल्याने माझ्या चष्म्याची काडी फुकट बसवून दिली. इस्त्रीचे कपडे घेऊन गेले की ती बाई आतून खुर्ची आणते, पदराने पुसते आणि म्हणते, "बसा ताई, दमलात." पहिल्यांदा मी उभीच राहिले. आता बसते.